माठातले पाणी आणि 'तबखीर' : उर्दू-मराठीतील लोकविज्ञान लेखनाची चिकित्सा

मातीच्या माठात पाणी गार का होते, हा प्रश्न उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांतील विज्ञानविषयक सदरांत हटकून येतो. त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते. उर्दूत ते 'तबखीर'मुळे होते, मराठीत 'बाष्पीभवना'मुळे. दोन-चार वाक्यांत माठाची सूक्ष्म छिद्रे येतात, त्यांतून झिरपणारे पाणी येते, आणि मग हा पारिभाषिक शब्द आला की लेख संपतो. उत्तर चूक नाही. परंतु वाचकाने विचारले होते कारण, आणि त्याच्या हाती पडते ते केवळ नाव.

या उत्तरात काय नाही, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. घरात रोज माठ भरणाऱ्या बाईला माठाविषयी पुष्कळ माहिती असते. नवा माठ जुन्यापेक्षा गार असतो; पावसाळ्यात माठाचा गारवा जातो; माठाला तेलाचा हात लागता कामा नये; वाऱ्याच्या वाटेवर ठेवलेला माठ कोपऱ्यातल्या माठापेक्षा बरा; ओला फडका गुंडाळला तर गारवा वाढतो. ही सर्व निरीक्षणे बिनचूक आहेत आणि प्रत्येकामागे तेच एक कारण आहे. तरीही सदरातील उत्तर यांपैकी एकाही निरीक्षणाला स्पर्श करीत नाही. लेखकाने वाचकाला अडाणी गृहीत धरले आणि स्वतःच्या हातातला सर्वांत मोठा पुरावा वाया घालवला. उर्दू आणि मराठी लोकविज्ञान लेखनाचा मुख्य दोष शब्दांच्या काठिण्यात नसून येथे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने हा प्रश्न निव्वळ वाङ्मयीन नाही. बेळगाव, निपाणी, बिदर, गुलबर्गा किंवा हैदराबादकडील अनेक विद्यार्थी घरी दखनी बोलतात, प्राथमिक शाळेत उर्दू शिकतात, पुढे मराठी, कन्नड किंवा तेलुगू वाचतात आणि अकरावीला विज्ञान शाखेत गेल्यावर सर्व काही इंग्रजीत ऐकतात. गोव्यात घरच्या भाषेच्या जागी कोकणी येते, एवढाच फरक. एकाच घटनेला दहा वर्षांत तीन नावे मिळतात. नावे तीन झाली तरी हरकत नाही, मात्र त्या नावांखालची वस्तू एकच आहे हे कोणीतरी एकदा दाखवून द्यावे लागते. ते काम पाठ्यपुस्तक करीत नाही. ते लोकविज्ञान लेखनाने करावयाचे असते.

परिभाषेवरचा आरोप

या विषयावर चर्चा निघाली की बोट प्रथम परिभाषेकडे दाखविले जाते. मराठीचे संस्कृतप्रचुर शब्द आणि उर्दूचे अरबी-फारसी शब्द यांनी विज्ञान सामान्य माणसापासून दूर नेले, असे सर्रास म्हटले जाते. प्रकाशसंश्लेषण आणि 'जियाई तालीफ', परावर्तन आणि 'इनइकास', गुरुत्वाकर्षण आणि 'कशिश-ए-सकल' अशा जोड्या मग उदाहरणादाखल दिल्या जातात. या आरोपात तथ्य किती, हे तपासण्यासाठी हैदराबादकडे वळणे आवश्यक आहे, कारण भारतीय भाषेतून उच्च विज्ञानशिक्षण देण्याचा या उपखंडातील सर्वांत मोठा प्रयोग तेथे झाला.

हैदराबादेत या कामाची पूर्वपीठिका एकोणिसाव्या शतकातील आहे. शम्सुल उमरा या सरदार घराण्याच्या आश्रयाने शास्त्रविषयक ग्रंथांचे उर्दू अनुवाद शिळाछापावर छापले गेले. 'सित्ता-ए-शम्सिया' ही सहा पुस्तिकांची माला त्यांतील विशेष प्रसिद्ध होय. त्याच शतकात दिल्ली कॉलेजातील गणिताचे अध्यापक मास्टर रामचंद्र यांनी १८४५ साली 'फवाइदुन्नाजिरीन' हे पत्र काढून उर्दू वाचकांपुढे विज्ञान ठेवले, आणि १८६४ साली सर सय्यद अहमद खान यांनी गाझीपूर येथे सायंटिफिक सोसायटी स्थापन केली, जी पुढे अलीगढला गेली. मराठीत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दिग्दर्शन' १८४० चे. म्हणजे दोन्ही भाषांनी हे काम जवळजवळ एकाच वेळी हाती घेतले होते.

१९१७ साली हैदराबादेत 'दारुत्तर्जुमा' अर्थात भाषांतर विभाग स्थापन झाला आणि मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख झाले. उस्मानिया विद्यापीठाचे वर्ग १९१९ मध्ये सुरू झाले आणि पुढे वैद्यक व अभियांत्रिकीपर्यंतचे शिक्षण उर्दूतून दिले गेले. १९४८ नंतर माध्यम बदलले व हा प्रयोग थांबला. या विभागात नव्या संज्ञा घडवताना मूलभूत वाद झाला. संज्ञा अरबी व्याकरणाच्या साच्यात घडवाव्यात, असे एका पक्षाचे मत होते. दुसऱ्या बाजूला मौलवी वहीदुद्दीन सलीम होते. अंजुमन तरक्की-ए-उर्दूने १९२१ साली औरंगाबादहून प्रसिद्ध केलेल्या 'वज-ए-इस्तिलाहात' या ग्रंथात त्यांनी उर्दू ही मूलतः आर्यकुलातील भाषा आहे, तेव्हा तिच्या संज्ञाही तिच्या स्वतःच्या देशी प्रत्ययांनी व समासांनी घडवाव्यात, ही भूमिका विस्ताराने मांडली. शंभर वर्षे उलटून गेली तरी हा ग्रंथ मराठीच्या अध्यापकांनीही वाचावा असा आहे, कारण संस्कृतच्या जागी अरबी घातले की तोच वाद मराठीचा होतो.

सलीम यांच्या विचाराची कसोटी घ्यायची तर आजच्या उर्दू शालेय विज्ञानातील एक शब्द पुरेसा आहे. घर्षणाला उर्दूत 'रगड' म्हणतात. भांडे घासणाऱ्या, चाकू परजणाऱ्या कोणालाही तो समजावून सांगावा लागत नाही. मराठीने येथे 'घर्षण' निवडले, जवळच 'घासणे' हे क्रियापद असूनही. पृष्ठीय ताणासाठी उर्दूने 'सतही तनाव' घेतला; त्यातील 'तनाव' बाजेची सुतळी ताणणाऱ्याच्याही ओळखीचा. उलट आर्द्रतेच्या बाबतीत मराठीकडे 'दमट' हा सुंदर शब्द आहे आणि उर्दूकडे 'नमी'. दोन्ही भाषांतील पाठ्यपुस्तके मात्र 'आर्द्रता' आणि 'रुतूबत' यांनाच मान देतात.

इतके मान्य करूनही परिभाषेवरचा आरोप अर्धाच खरा ठरतो. उस्मानियाच्या भाषांतरकारांनी पाठ्यपुस्तके लिहिली. बाजारातल्या माणसासाठी लिहिण्याचे काम त्यांच्याकडे नव्हतेच, आणि न सोपवलेल्या कामाचा ठपका त्यांच्यावर ठेवणे न्याय्य नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सामान्य माणूस कठीण शब्दाला भीत नाही. चौथी शिकलेला वायरमन 'फ्यूज', 'फेज', 'अर्थिंग', 'लोड' हे शब्द अचूक वापरतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या घरात आजीलाही 'क्रिएटिनिन' म्हणता येते आणि मागच्या महिन्याचा आकडा तोंडपाठ असतो. २०२०-२१ च्या साथीत 'ऑक्सिमीटर' आणि 'सॅच्युरेशन' हे शब्द काही आठवड्यांत गल्लोगल्ली पोचले. यांतील एकही शब्द मराठी नाही, उर्दू नाही, सोपा तर मुळीच नाही. पण प्रत्येक शब्द एखाद्या कृतीला किंवा काळजीला बांधलेला होता.

अर्थात, शब्द पोचणे म्हणजे ज्ञान पोचणे नव्हे, हेही त्याच साथीने दाखवले. ९४ च्या खाली आकडा गेला की धावपळ करायची, हे सर्वांना ठाऊक झाले. पण तो आकडा म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनपैकी किती भाग प्राणवायू वाहून नेत आहे याचे टक्केवारीतले माप होय, हे सांगणारे सोपे लेखन दोन्ही भाषांत फारच थोडे झाले. थंड बोटावर किंवा मेंदीने रंगलेल्या नखावर यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकते, ही घरोघरी उपयोगी पडणारी गोष्ट त्या आकलनातूनच कळली असती. बोटातून आरपार गेलेल्या प्रकाशावरून यंत्र अंदाज करते, एवढे समजले की मेंदीची अडचण वेगळी सांगावी लागत नाही.

१९२८

उर्दू-मराठीच्या इतिहासात एक योगायोग लक्षणीय आहे. १९२८ साली औरंगाबादहून (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) अंजुमन तरक्की-ए-उर्दूने 'सायन्स' हे त्रैमासिक सुरू केले. त्याच वर्षी पुण्यात 'सृष्टिज्ञान' हे मराठी मासिक निघाले. दोन गावांत अंतर अडीचशे किलोमीटरांहून कमी. एका बाजूला निजामाचे राज्य आणि विद्यापीठीय परिभाषेची पाठराखण, दुसऱ्या बाजूला मराठी मध्यमवर्ग आणि निसर्गाविषयीची हौस. या दोन नियतकालिकांचा एकत्र विचार साहित्येतिहासात झालेला दिसत नाही. उर्दूचा अभ्यासक पहिल्याची नोंद करतो, मराठीचा दुसऱ्याची. मराठवाड्यात घरी दखनी आणि बाजारात मराठी बोलणारा जो मोठा समाज होता, त्याची नोंद कोणीच करीत नाही. बडोद्यात त्याआधीच, १८९० साली, त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली कलाभवन सुरू झाले होते आणि तेथे रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम या धंद्यांतून शास्त्र शिकवण्याचा विचार रुजला होता. कारागिराच्या हातातल्या कामाला विज्ञानाचे प्रवेशद्वार मानणारी ही दृष्टी नियतकालिकांच्या लेखनात मात्र फारशी उतरली नाही. लेखक होते प्राध्यापक, वाचक होते विद्यार्थी व पदवीधर, आणि कारागीर दोन्हीकडून बाहेर राहिला.

मेणबत्तीचे व्याख्यान

दैनंदिन विज्ञान कसे सांगावे, याचा जगभर मानला गेलेला आदर्श म्हणजे मायकेल फॅरडे यांची मेणबत्तीवरची सहा व्याख्याने. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात मुलांसमोर ती दिली गेली आणि विल्यम क्रुक्स यांनी १८६१ साली पुस्तकरूपाने संपादित केली. फॅरडे स्वतः लोहाराचे पुत्र; पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत शिकलेले. त्यांच्या पद्धतीचा गौरव सर्वत्र होतो, पण तिची घडण कशी आहे याकडे थोड्यांचेच लक्ष जाते.

फॅरडे मेणबत्तीपासून दूर जात नाहीत. मेण वितळते, पण ज्योतीभोवती त्याची वाटी कशी तयार होते? ज्योतीच्या उष्णतेने हवा वर चढते, चढताना ती मेणबत्तीची कड गार ठेवते, म्हणून मधले मेण वितळते आणि कड उभी राहते. कडेला एखादी भेग पडली तर मेण ओघळते आणि मेणबत्ती नीट जळत नाही. मग वितळलेले मेण वातीतून वर कसे चढते? येथे ते मिठाचा खांब मिठाच्या संपृक्त रंगीत द्रावणात उभा करतात आणि भांड्याच्या काठावर टाकलेल्या टॉवेलमधून पाणी कसे बाहेर उतरते त्याची आठवण देतात. मेणबत्ती विझवल्यावर निघणाऱ्या पांढऱ्या धुराला दुरूनच काडी लावली की ज्योत धुरावरून धावत वातीवर येते. म्हणजे जळते ते मेण नव्हे, त्याची वाफ. ज्योतीवर थंड भांडे धरले की त्यावर पाणी जमते. आगीतून पाणी! तेथून हायड्रोजन, प्राणवायू, हवा आणि शेवटी माणसाचा श्वास. सहा व्याख्यानांनंतर श्रोता श्वसनापर्यंत पोचतो आणि तरीही समोर मेणबत्तीच असते. तसेच, प्रत्येक पायरीवर श्रोत्याला घरी जाऊन करून पाहता येईल असे काहीतरी आहे. 'हे असे असते' हे वाक्य 'पाहा' या क्रियापदानंतर येते.

या व्याख्यानांचे भारतीय रूपांतर करावयाचे झाल्यास काय होईल? पहिला मोह मेणबत्तीच्या जागी समई किंवा चिराग ठेवण्याचा. स्थानिकीकरणाचा हा नेहमीचा मार्ग होय, आणि येथे तो फसतो. समईत इंधन आधीच द्रव असते. त्यामुळे वितळण्याचा, वाटी घडण्याचा आणि वर चढणाऱ्या हवेचा सगळा आरंभ नाहीसा होतो. मात्र वात तेलात पडलेली उघड दिसते, त्यामुळे तेल वातीतून वर चढणे मेणबत्तीपेक्षा समईतच स्पष्ट कळते. शिवाय मोहरीचे तेल, गोडेतेल आणि रॉकेल यांच्या ज्योती वेगळ्या, काजळी वेगळी. सुरमा-काजळ घरी पाडणाऱ्या बायकांना कोणत्या तेलाचे काजळ दाट पडते हे माहीत असते; तो न जळलेला कार्बन. म्हणजे समईवरचे व्याख्यान फॅरडेंच्या व्याख्यानाचे भाषांतर असणार नाही. ते काजळापासून सुरू होणारे वेगळे व्याख्यान असेल. परकीय विज्ञानलेखनाच्या उर्दू-मराठी अनुवादांत नेमकी हीच चूक पुनःपुन्हा दिसते: वस्तूचे नाव बदलले जाते, विचाराचा क्रम तोच ठेवला जातो.

कलईवाला आणि प्रयोगशाळा

समईपेक्षाही जवळचे उदाहरण कलईचे आहे. स्टीलची भांडी येण्यापूर्वी तांब्या-पितळेच्या भांड्यांना कलई करणारा कारागीर प्रत्येक गावात येई, आणि दक्षिणेत व मध्य भारतात हा धंदा करणाऱ्यांत मुस्लिम कारागीर मोठ्या संख्येने असत. भात्याने कोळसा फुलवायचा, भांडे घासून तापवायचे, नवसागर टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठला की कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने फिरवायची. भांडे क्षणात चंदेरी होते. हे दृश्य ज्याने पाहिले त्याने रसायनशास्त्रातील चांगले अर्धे प्रकरण पाहिले.

तापलेल्या तांब्यावर ऑक्साइडचा थर येतो आणि त्या थरावर कथील धरत नाही. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापताच त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. हे वायू ऑक्साइड काढून टाकून धातू उघडा करतात आणि वर जाऊन थंड होताना पुन्हा नवसागराचे कण होतात, तोच पांढरा धूर. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, तांबे त्याहून कितीतरी वर, १०८५ अंशाला. म्हणून कोळशाच्या आचेवर एक पसरते आणि दुसरे तसेच राहते. चिंच-कोकमाची आमटी कलई गेलेल्या भांड्यात का कळकते, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

आता शब्दांकडे पाहावे. 'कलई' हा अरबीतील कथिलाचाच शब्द. 'नवसागर' उर्दूत 'नौशादर'. 'तेजाब' फारसी, पण मराठी सोनाराच्या तोंडी रुळलेला. जस्त, शिसे, पारा, गंधक, तुरटी, सोरा, अर्क हे शब्द दोन्ही भाषांतील कारागिरांची मिळून पुंजी आहेत. शाळेत मात्र यांतील फार थोड्यांना प्रवेश मिळाला. विद्यार्थी 'अमोनियम क्लोराइड' पाठ करतो आणि आजोबांच्या पेटीतला नवसागर तोच हे त्याला कळत नाही. बिदरच्या बिदरी कामाचेही तसेच. जस्त प्रमुख आणि थोडे तांबे अशा मिश्रधातूवर चांदीचे जडावकाम करून किल्ल्यातील मातीत नवसागर मिसळून ते लावले की धातू काळा पडतो, चांदी मात्र पांढरीच राहते. या कलेवर उर्दू-मराठीत लिहिले गेले ते बहुतांशी सौंदर्याविषयी आणि वारशाविषयी. तीच माती का, आणि काळे होते ते नेमके काय, हे प्रश्न कलासमीक्षेने विज्ञानाचे म्हणून सोडले आणि विज्ञानलेखनाने कलेचे म्हणून.

यादीचे लेखन

मुस्लिम समाजातील विज्ञानविषयक लोकप्रिय लेखनाचा एक प्रकार स्वतंत्र विचार मागतो. तो म्हणजे सुवर्णयुगाची यादी. जाबिर इब्न हय्यान, अल-ख्वारिज्मी, इब्न अल-हैसम, अल-बिरूनी, इब्न सीना, अल-जझरी अशी नावे, प्रत्येकाखाली दोन ओळी, आणि शेवटी आजच्या अवनतीबद्दल खेद. शाळा-महाविद्यालयांच्या वार्षिकांकांत हा लेख हमखास असतो. दुसरा प्रकार आधुनिक शोधांचे पूर्वसंकेत धर्मग्रंथात दाखवण्याचा. मॉरिस ब्युकाय यांच्या १९७६ च्या पुस्तकानंतर तो विशेष फोफावला. मराठीत पुराणातील विमानांवर लिहिणाऱ्यांनी हेच केले, तेव्हा हा दोष एका समाजाचा नाही. श्रद्धेचा आदर राखूनही म्हणावे लागते की या लेखनाने वाचकाच्या हाती नवे काही येत नाही. त्यात शोध आधीच दुसऱ्या कोणी लावलेला असतो. वाचकाने फक्त अभिमान बाळगायचा असतो.

इब्न अल-हैसम यांचे उदाहरण घ्यावे. इ.स. ९६५ च्या सुमारास बसरा येथे जन्मलेल्या या शास्त्रज्ञाचा 'किताब अल-मनाझिर' हा प्रकाशावरील ग्रंथ. डोळ्यातून किरण निघून वस्तूवर पडतात हे मत त्यांनी खोडून काढले आणि प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो हे मांडले. यादीतील दोन ओळी येथे संपतात. परंतु त्यांनी हे कसे तपासले? अंधाऱ्या खोलीत लहान छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचे प्रयोग त्यांनी केले. निरनिराळ्या जागी ठेवलेल्या दिव्यांचा प्रकाश एकाच छिद्रातून आत येतो, तरी समोर प्रत्येकाचा डाग वेगळा पडतो. एक दिवा झाकला की त्याचाच डाग जातो. हा प्रयोग करायला दोन मेणबत्त्या, एक पुठ्ठा आणि एक खिळा पुरतो. दुपारी दारे लावलेल्या खोलीत, दाराच्या फटीतून समोरच्या भिंतीवर रस्त्यावरची माणसे उलटी चालताना कितीतरी मुलांनी पाहिलेली असतात. त्या मुलांना कोणी सांगितले नाही की हेच ते. ज्या लेखात इब्न अल-हैसम यांचे नाव येते पण खिळा आणि पुठ्ठा येत नाही, तो लेख त्यांच्यावर झालेला अन्यायच म्हणावा लागेल.

आकाश जवळचे, स्वयंपाकघर दूरचे

मराठी लोकविज्ञानाची स्थिती संख्येने निश्चितच बरी आहे. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि मराठी विज्ञानसाहित्याला प्रतिष्ठा मिळाली. नारळीकरांचे निधन २० मे २०२५ रोजी झाले. त्यांच्याबद्दल सांगितली जाणारी एक सवय त्यांच्या पुस्तकांइतकीच मोलाची आहे: स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत की, विज्ञानाचा प्रश्न विचारणारे पोस्टकार्ड पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. प्रश्न आधी, सही नंतर.

तरीही नारळीकरांच्या तेजाने एक बाजू झाकोळली, असे म्हणणे भाग आहे. मराठी वाचकाला कृष्णविवर माहीत झाले, महास्फोट माहीत झाला. कुकरची शिटी होण्याचे कारण तितक्या आस्थेने कोणी सांगितले नाही. आकाशाविषयीचे लेखन थक्क करते. त्याची पडताळणी वाचकाला करता येत नाही, त्याला ऐकूनच घ्यावे लागते. कुकरचे तसे नाही. आतला दाब वातावरणाच्या सुमारे दुप्पट झाला की पाणी १०० ऐवजी जवळजवळ १२० अंशाला उकळते आणि डाळ लवकर शिजते, हे सांगितले की वाचक ताबडतोब विचारतो: मग डोंगरावर उलटे होत असेल काय? होते. उर्दूत १९९४ साली डॉ. मोहम्मद अस्लम परवेज यांनी दिल्लीहून सुरू केलेल्या 'सायन्स' मासिकाने उर्दू वाचकाला नियमित विज्ञान मिळवून दिले, हे काम थोर आहे. दखनी बोलणाऱ्या घरातील माठ आणि कुकर मात्र दिल्लीहून दिसणे कठीण.

पर्याय झालेलाच नाही असे नाही. मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने व्याख्या पाठ करणे बाजूला ठेवून गावातल्या वस्तूंवर प्रयोग, परिभ्रमणे आणि पुस्तक उघडे ठेवून परीक्षा, अशी रीत शासकीय शाळांत चालवून दाखवली. २००२ साली शासनाने तो बंद केला. त्याच कार्यक्रमातून प्रेरणा घेतलेले अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून भूमिती शिकवली, पुढे पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी केली. त्यांची पुस्तके मराठीतही आहेत. या साऱ्याचा भर शाळकरी मुलांवर होता. शाळा सोडलेल्या प्रौढासाठी, कलईवाल्यासाठी किंवा माठ भरणाऱ्या बाईसाठी त्या तोडीचे लेखन उर्दू-मराठीत अद्याप दाखवता येत नाही.

माठ पुन्हा

वर उल्लेखिलेल्या सदरातील माठाचा लेख वेगळ्या तऱ्हेने कसा लिहिता येईल, याचा विचार केल्यावाचून ही चिकित्सा अपुरी राहील. आरंभ उकळण्यापासून किंवा रेणूंपासून नको. वजनापासून असावा. संध्याकाळी माठ भरून तोलावा, सकाळी पुन्हा तोलावा. पाणी कोणी प्यालेले नसताना वजन घटलेले असते. गेले ते पाणी कुठे गेले, आणि जाताना काय घेऊन गेले?

एक ग्रॅम पाणी नेहमीच्या तापमानाला वाफ होऊन जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेते. माठात दहा लिटर पाणी असेल आणि त्यातले केवळ १०० ग्रॅम, म्हणजे अर्धा पेला, असे गेले तर ५८,००० कॅलरी गेल्या. त्या दहा हजार ग्रॅम पाण्यातूनच गेल्या असे धरले तर उरलेले पाणी सहा अंशांच्या आसपास गार होते. बाहेरून उष्णता आत येत राहते, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. हा हिशेब सातवीच्या विद्यार्थ्याला जमतो. तो केल्यावर 'तबखीर' म्हणा की 'बाष्पीभवन', शब्द आपल्या जागी बसतो, कारण आता त्याच्याखाली अर्धा पेला पाणी आहे.

मग बाईची निरीक्षणे एकेक करून घ्यावीत. तेलाचा हात लागला की छिद्रे बुजतात. जुन्या माठाची छिद्रे पाण्यातील क्षारांनी भरतात, म्हणून नवा माठ बरा. वारा दमट झालेली हवा हलवून कोरडी आणतो. फडक्याने ओला पृष्ठभाग वाढतो. पावसाळ्यात हवाच पाण्याने भरलेली असते, ती आणखी घेत नाही.

शेवटच्या मुद्द्यापाशी प्रदेशाचा फरक येतो, आणि सीमाभागातील व गोव्यातील महाविद्यालयांना तो घरबसल्या उपलब्ध आहे. विजापूर-गुलबर्ग्याकडे एप्रिलच्या दुपारी तापमान ४० अंश आणि हवेतील दमटपणा २० टक्के असेल, तर ओली वस्तू फार तर २३ अंशांपर्यंत गार होऊ शकते. गोव्याच्या किनाऱ्यावर त्याच दिवशी ३३ अंश आणि ७५ टक्के असेल, तर ती मर्यादा २९ वर येते. एकीकडे सतरा अंशांचा वाव, दुसरीकडे चार अंशांचा. विजापूरचा माणूस माठाची थोरवी सांगतो आणि पणजीचा त्यावर फारसा विश्वास ठेवत नाही. दोघेही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक आहेत. एकाच कुंभाराकडचे दोन माठ, दोन साधे तापमापक आणि एक तराजू घेऊन दोन्हीकडच्या महाविद्यालयांनी एका आठवड्याच्या नोंदी ठेवल्या, तर उर्दू, मराठी, कन्नड आणि कोकणी अशा चारही भाषांत छापता येईल असा लेख त्या नोंदींतूनच उभा राहतो, आणि त्यातला 'दमट' हा शब्द कोणत्याही कोशात शोधावा लागत नाही.